नवं विमान वऱ्हाडात आणताना

१६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून अलायन्स एअरचं एटीआर बेलोऱ्याच्या धावपट्टीवर उतरलं आणि अमरावतीची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. याच विमानतळावर एअर इंडियाने वैमानिक प्रशिक्षण संस्थेचं काम हाती घेतलं आणि तिच्यासाठी ३१ पायपर आर्चर डीएक्स व ३ डायमंड डीए-४२ अशी ३४ छोटी विमानं मागवली. छोटं विमान रोज डोक्यावरून जायला लागलं की ते आपल्याकडेही असावं, असं कुणाला तरी वाटणारच. अमरावतीचा एखादा डॉक्टर, अकोल्याचा जिनिंगवाला, पीपीएल, म्हणजे खासगी वैमानिकाचा परवाना, घेऊन गावी परतलेला एखादा तरुण. जुनं सेसना १५२ किंवा १७२ धुळ्याला, बारामतीला किंवा जुहूला बघायचं, सौदा करायचा आणि उडवत घरी आणायचं, असा बेत ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

विमान विकत घेणं आणि ते घरी आणणं ही दोन वेगळी कामं आहेत. त्यांच्यात काही दिवसांचं, शक्य तर काही आठवड्यांचं अंतर ठेवा. सौद्याच्या दिवशी विमान अनोळखी असतं, वाट अनोळखी असते आणि तिकडे माणसं वाट पाहत असतात. यातली कुठलीही एक गोष्ट सांभाळता येते. तिन्ही एकाच दिवशी अंगावर घेतल्या की चांगला वैमानिकही घाईत निर्णय घेतो. या तिन्हींत वाट पाहणारी माणसं सर्वांत अवघड, कारण त्यांच्यासाठी कुठलंच उपकरण नाही.

आपल्याकडे वाहन मुहूर्तावर घरी येतं. विमानाच्या बाबतीत मुहूर्त खरेदीखताच्या सहीसाठी ठेवा, उड्डाणासाठी नको. साडेतीन मुहूर्तांचं हवामान एकदा पाहा. अक्षय तृतीया येते ती वऱ्हाडाच्या ऐन उन्हात. गुढीपाडव्याच्या आसपास अवकाळी आणि गारपिटीचे दिवस असतात. दसऱ्याला आकाश धुतल्यासारखं दिसतं, पण परतीचा पाऊस कधी कधी तेव्हाच दुपारी काळे ढग उभे करतो. त्यातल्या त्यात दिवाळीचा पाडवा बरा. तिथून फेब्रुवारीपर्यंत हवा स्थिर, वारा मंद. तरीही तारीख हवामानाने ठरवायची, पंचांगाने नाही. आणि ती घरी सांगायची नाही. ‘या आठवड्यात कधीतरी’ एवढंच सांगा. विमान उतरून, बांधून झाल्यावर फोन करा. हार आणि पेढे संध्याकाळीही चालतात. धावपट्टीच्या कुंपणाशी वीस नातेवाईक उभे आहेत हे ठाऊक असलेला माणूस शेगावच्या पुढे ढग खाली आलेले पाहूनही मागे वळत नाही.

पूजेबद्दलही स्पष्ट सांगतो, कारण ती होणारच आणि व्हावीच. पंखाखाली पुढे आलेली बारीक नळी, म्हणजे पिटो ट्यूब, हिच्यावरून वेग कळतो. विमानाच्या अंगावर एक बारीक भोक असतं, तो स्टॅटिक पोर्ट. त्यावरून उंची कळते. या दोन्हींजवळ हळद-कुंकवाचं बोट जाता कामा नये. हार पंख्याला नको, पंखाच्या आधाराच्या दांडीला घाला आणि उड्डाणाआधी स्वतःच्या हाताने काढा. नारळ विमानापासून दूर फोडा आणि करवंटीचा तुकडान् तुकडा उचला. पंख्याने ओढलेला खडासुद्धा त्याच्या कडेला खाच पाडतो.

आता कागद. विमानाचं नोंदणी प्रमाणपत्र तुमच्या नावावर व्हायला हवं, आणि ते काम डीजीसीएकडे होतं. कर्ज फिटलेलं नसेल तर तारण उठल्याचा कागद आधी घ्या. उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र आणि त्याचा नियतकालिक आढावा, म्हणजे एआरसी, चालू आहे का ते पाहा. ती संपली असेल तर विमान तसंच उडवता येत नाही. दुरुस्तीच्या जागी नेण्यापुरती खास परवानगी काढावी लागते. रेडिओचा परवाना, विमा, तुमचं वैद्यकीय प्रमाणपत्र, तुमच्या परवान्यावर त्या प्रकारच्या विमानाची नोंद, यातलं एकही ‘होऊन जाईल’वर सोडू नका. विम्याच्या करारात वैमानिकाच्या किमान तासांची अट असते. ती वाचल्याशिवाय सही करू नका. खासगी वापराच्या विमानावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, तेव्हा नव्या विमानाचा हिशोब करताना कंपनीच्या किमतीवर थांबू नका. आपत्कालीन संदेश देणाऱ्या ईएलटीची नोंद जुन्या मालकाच्या नावाने राहिली, तर गरज पडल्यावर शोध घेणारे आधी त्याच्या घरी फोन करतील. ती नोंद बदलायला बरेच जण विसरतात.

कागदांपेक्षा जास्त वेळ इंजिनाला द्या. विकणाऱ्याच्या ओळखीचा नसलेला, परवानाधारक इंजिनीअर आपल्या पैशाने न्या. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, तेलाचा नमुना, फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का, आणि लॉगबुक पहिल्या पानापासून. लायकमिंगच्या बहुतेक छोट्या इंजिनांना सुमारे २००० तास किंवा १२ वर्षं अशी ओव्हरहॉलची मुदत असते. विकणारा तासांचं बोलतो, वर्षांचं बोलत नाही. ‘फक्त ६०० तास चाललंय’ हे ऐकून खूश होऊ नका. १५ वर्षांत ६०० तास म्हणजे ते बहुतेक काळ उभंच होतं, आणि उभ्या इंजिनात आतून गंज धरतो. जुहूसारख्या समुद्राकाठच्या ठिकाणी राहिलेल्या विमानाच्या पत्र्याच्या सांध्यांत, रिव्हेटांभोवती खारट हवेचा पांढरा भुगा दिसतो का, हे बोट फिरवून पाहा. हँगरमध्ये महिनोन् महिने पडलेल्या विमानाच्या पिटो नळीत आणि टाकीच्या श्वासनळीत कुंभारमाशी चिखलाचं घर करते, इंजिनाच्या झाकणाखाली पक्षी काड्या भरतात, उंदीर वायरी कुरतडतात. आपल्याकडे ट्रॅक्टर पावसाळाभर गोठ्यात उभा राहिला की काय काय निघतं ते शेतकऱ्याला ठाऊक असतं. इथे फरक इतकाच की ते ५,००० फुटांवर निघतं.

विमान ताब्यात आलं की आहे त्याच विमानतळाभोवती दोन-तीन दिवस उडवा, पहिल्यांदा त्याच विमानावर हात बसलेल्या प्रशिक्षकाबरोबर. रेडिओ किती दूर ऐकू येतो, होकायंत्र किती अंश खोटं बोलतं, तापलेलं इंजिन पुन्हा सुरू व्हायला काय मागतं, हे तिथेच कळू द्या. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे इंधनाचा खरा खप. टाकी काठोकाठ भरा, तासभर उडा, पुन्हा काठोकाठ भरा आणि किती लिटर लागलं ते लिहा. जुन्या सेसनाच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. टाकीत दांडी बुडवून जे दिसतं ते खरं.

१९३० साली आगाखान पारितोषिकासाठी तरुण वैमानिक भारत आणि इंग्लंड यांच्यात एकट्याने उडत होते. जे. आर. डी. टाटा कराचीहून लंडनकडे निघाले होते, अ‍ॅस्पी इंजिनीअर इंग्लंडहून कराचीकडे. इजिप्तमधल्या अबुकीरला दोघांची गाठ पडली तेव्हा अ‍ॅस्पींचं विमान स्पार्क प्लगपायी अडकलं होतं. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना दिले. अ‍ॅस्पी पुढे निघाले आणि पारितोषिक त्यांनीच जिंकलं. हेच अ‍ॅस्पी पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. त्या भेटीनंतर दोन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जेआरडींनी पस मॉथमधून कराची-अहमदाबाद-जुहू टपाल आणलं. त्या पिढीच्या सामानात प्लग, पाना, तार आणि चिंधी असायची. तुमच्याही असू द्या: दोन प्लग, प्लगचा पाना, एक-दोन लिटर इंजिन ऑइल, चाकाची ट्यूब, दोरखंड, खुंट्या, इंधनातलं पाणी तपासायची कुपी. बेलोऱ्याला किंवा अकोल्याच्या शिवणी विमानतळाजवळ तुमच्या विमानाचा प्लग कुठल्या दुकानात मिळणार नाही.

इंधनाबद्दल थोडं सविस्तर. सेसनासारख्या जुन्या विमानांना एव्हगॅस १०० एलएल लागतं. इंडियन ऑइलने ते २०२२ साली देशात बनवायला सुरुवात केली, तोवर ते परदेशातून यायचं. आजही ते जिथे फ्लाइंग क्लब किंवा प्रशिक्षण संस्था आहेत तिथेच हमखास मिळतं, बहुधा पिंपांतून. जिथे उतरायचं तिथे ते मिळेल असं धरू नका. आदल्या दिवशी फोन करा, आणि नाही मिळालं तरी दुसऱ्या विमानतळावर जाता येईल एवढं टाकीत ठेवून निघा. दुसरा धोका नावाचा आहे. जुनं पायपर आर्चर एव्हगॅसवर चालतं. एअर इंडियाने मागवलेलं आर्चर डीएक्स डिझेल इंजिनाचं, त्यात जेट इंधन, म्हणजे एटीएफ जातं. दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात. पेट्रोल इंजिनात एटीएफ गेलं तर इंजिन सुरू होतं, पळतं, आणि उड्डाणानंतर मरतं. म्हणून इंधन भरताना तिथून हलू नका. एव्हगॅस निळसर असतं. कुपीत काढून रंग पाहा, वास घ्या, तळाशी पाण्याचा थेंब आहे का ते पाहा.

आकडे मांडून पाहू. सेसना १५२ मध्ये वापरता येण्याजोगं इंधन ९३ लिटरच्या आसपास असतं आणि खप तासाला सुमारे २३ लिटर. धुळ्याजवळच्या गोंदूरहून बेलोरा सुमारे १६५ नॉटिकल मैल, म्हणजे ३०५ किलोमीटर. ९५ नॉट वेगाने पावणेदोन तास, ४० लिटर; निवांत. बारामतीहून बेलोरा २३५ नॉटिकल मैल. वारा नसेल तर अडीच तास; समोरून १५ नॉटचा वारा आला तर जवळजवळ तीन तास, ६८ लिटर. टाकीत तासाभराचं उरतं. नियम दिवसाच्या उड्डाणाला अर्ध्या तासाची शिल्लक मागतो. माझा आग्रह पूर्ण तासाचा आहे, कारण वऱ्हाडात एका धावपट्टीवरून दुसरीकडे जायला तेवढा वेळ लागू शकतो. वजनाचंही तसंच. १५२ चं कमाल वजन ७५७ किलो. रिकामं विमान, भरलेली टाकी आणि ७५ किलोची दोन माणसं धरली की वीसेक किलो उरतात. त्यात हत्यारं आणि पाणी मावतं. मित्राची बॅग आणि मिठाईचे डबे मावत नाहीत.

धुळ्याहून येताना वाट जवळजवळ सरळ पूर्वेची. पूर्वेकडे जाणाऱ्या व्हीएफआर, म्हणजे डोळ्यांनी पाहत केलेल्या, उड्डाणासाठी विषम हजार अधिक ५०० ही उंची. ५,५०० फूट इथे सोयीची. खाली मुंबई-हावडा रेल्वेमार्ग सोबतीला असतो: जळगाव, भुसावळ, मलकापूर, नांदुरा, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा. रुळांचा आधार जरूर घ्या, पण फाटे आधी पाठ करा. भुसावळला एक लोहमार्ग ईशान्येला बऱ्हाणपूर-खंडव्याकडे वळतो. अकोल्याहून एक उत्तरेला अकोटकडे, मेळघाटच्या रोखाने निघतो. मूर्तिजापूरला ‘शकुंतला’ रेल्वेची अरुंद लाइन एका बाजूला अचलपूरला आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळला जाते. बडनेऱ्याहून एक अमरावती-नरखेडकडे. चुकीचा फाटा धरला तर बहुतेक वेळा तो उत्तरेकडे, डोंगराकडे नेतो. म्हणून रूळ काही सांगोत, होकायंत्र पूर्व दाखवत नसेल तर थांबून विचार करा. उंचावरून देवळं, पुतळे, इमारती सपाट होतात; नांदुऱ्याची १०५ फुटी मारुतीची मूर्ती शोधत बसू नका. दिसतात त्या चिमण्या आणि त्यांचा धूर: भुसावळजवळ दीपनगरच्या, अकोल्याच्या अलीकडे पारसच्या. दिसतं ते पाणी: चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम. आणि बडनेऱ्याला पोचल्यावर बेलोरा दक्षिणेला आहे, हे लक्षात ठेवा. पूर्वेला भटकत गेलात तर पुढे पुलगावचं लष्करी दारूगोळा भांडार आहे. निषिद्ध आणि प्रतिबंधित क्षेत्रं निघण्यापूर्वी नकाशावर रंगवून घ्या.

बारामतीहून वाट ईशान्येची, आणि रुळांची सोबत नाही. बीड उजवीकडे टाका, गोदावरी ओलांडा, मग सुमारे चौदा किलोमीटर डावीकडे लोणारचं विवर दिसायला हवं. जवळजवळ पावणेदोन किलोमीटर व्यासाचा तो गोल इतक्या उंचीवरून चुकत नाही. तो उजवीकडे दिसला तर तुम्ही पश्चिमेला बरेच भरकटलात. पुढे वाशीम उजवीकडे, समृद्धी महामार्गाची पांढरी रेघ, कारंजा, आणि बेलोरा.

सातपुड्याबद्दल हलकेपणाने बोलता येत नाही. जुलै २०२१ मध्ये चोपडा तालुक्यात वर्डीजवळ डोंगराळ भागात प्रशिक्षण विमान कोसळून प्रशिक्षकाचा जीव गेला. मार्च २०२३ मध्ये बिरसीहून उडालेलं विमान बालाघाटच्या डोंगरात पडलं आणि आतली दोघंही गेली. गाविलगडची रांग चिखलदऱ्याजवळ जवळजवळ ३,९०० फुटांपर्यंत उठते. आपण साडेपाच हजारांवर आहोत म्हणून ती हाताखाली आहे असं समजू नका. ढग खाली आले की आपणही खाली येतो. नव्या विमानातून चिखलदरा वरून पाहण्याचा मोह पहिल्या प्रवासात नकोच.

ऊन हा वऱ्हाडाचा मोठा प्रश्न. बेलोरा समुद्रसपाटीपासून साधारण अकराशे फुटांवर. एप्रिल-मेमध्ये पारा ४४ वर गेला की विरळ हवेमुळे विमान जणू पाच हजार फुटांवरून उडतंय असं वागतं. कागदावर मिनिटाला ७१५ फूट चढणारं १५२ तेव्हा पाचशेही गाठत नाही. धावपट्टी जास्त लागते, इंजिन तापतं, आणि कपाशी निघून उघड्या पडलेल्या काळ्या वावरांवरून उठणारे झोत विमानाला उचलून आपटतात. त्याच झोतांवर घारी घिरट्या घालतात. बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटर आहे, अकोल्याच्या शिवणीची तिच्यापेक्षा आखूड.  उन्हाळ्यात पहिल्यांदा बेलोऱ्यालाच उतरा. हिवाळ्यात मात्र फार पहाटेही निघू नका. पूर्णेच्या खोऱ्यात धुकं आणि धुराचा थर साचतो आणि समोरचा कोवळा सूर्य डोळ्यांत येतो. धुळ्याहून साडेआठ-नऊला निघून अकराच्या आत उतरणं उत्तम.

इंजिन बंद पडलं तर कुठे उतरायचं, हे प्रत्येक दहा मिनिटांनी मनाशी ठरवत चला. हरभरा काढलेलं मार्चचं वावर चांगलं. उभी तूर आणि पऱ्हाटी उंच असते, संत्र्याच्या बागेत जागाच नाही. पाऊस पडून गेलेल्या काळ्या मातीत पुढचं चाक रुततं आणि विमान उलटतं. पर्याय असेल तर मुरमाड माळ निवडा. धुऱ्याला आडवं नाही, धुऱ्याच्या बाजूने उतरा. महामार्ग वरून मोकळा वाटतो, पण दुभाजक, विजेचे खांब आणि ट्रक जवळ गेल्यावरच दिसतात.

निघण्याआधी फ्लाइट प्लॅन भरा, एफआयसी आणि एडीसी क्रमांक घ्या. हवाई संरक्षणाची ही परवानगी नसताना उडणारं छोटं विमानही अनोळखी घुसखोर ठरतं. नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना, वाचा. उतरायच्या विमानतळाची पूर्वपरवानगी घ्या, तिथल्या माणसाशी बोला: वारा कुठला, धावपट्टीवर काम चालू आहे का, रोही किंवा रानडुकरं फिरकतात का, एटीआरची वेळ काय. ती वेळ टाळा. एक गोष्ट पश्चिमेहून येणाऱ्यांच्या ध्यानात राहत नाही: जुहूपेक्षा अमरावतीला सूर्य सुमारे वीस मिनिटं आधी मावळतो. मुंबईच्या सूर्यास्तावरून हिशोब केला तर शेवटची वीस मिनिटं अंधारात जातील, आणि व्हीएफआर वैमानिकाने अंधारात असू नये. मागे वळण्याची जागाही जमिनीवरच ठरवा: जळगाव पार करताना पुढे पाच किलोमीटर दिसत नसेल तर जळगावला उतरायचं, मुक्काम करायचा. लॉजचं भाडं त्या दिवसाचं सर्वांत स्वस्त बिल असतं.

उतरल्यावर पहिला फोन फ्लाइट प्लॅन बंद करायला, घरी नंतर. प्लॅन उघडा राहिला तर शोध सुरू होतो. मग विमान वाऱ्याकडे तोंड करून तीन ठिकाणी बांधा. हँगरची जागा आधी ठरलेली नसेल तर विमान आणूच नका, कारण अवकाळीचा एक सोसाटा उघड्यावरचं सेसना उलथून टाकतो. पिटोला झाकण घाला, इंजिनाच्या तोंडाला बुचं. त्याच दिवशी लॉगबुकात वेळ, तेल, इंधन आणि जाणवलेली प्रत्येक खोट लिहा, बारीक असली तरी. दुसऱ्या दिवशी इंजिनीअरकडून इंजिनाचं झाकण काढून गळती पाहून घ्या, फिल्टर कापून बघा. घरच्यांना फिरवायचं ते यानंतर: सकाळी, एका वेळी एकालाच, सर्किटची एक फेरी.